माझ्या डोक्यावरची माती

मी जिल्हा परिषदेच्या शाळेची जुनी इमारत बोलतेय. दचकू नका. चार वर्षांपूर्वी वरून आदेश आला आणि माझ्या भिंती 'बोलक्या' करण्यात आल्या. म्हणजे एका भिंतीवर पाढे, दुसरीवर फळं, तिसरीवर माणसाची पचनसंस्था. पेंटर जवळच्या वालूर गावचा होता, हात चांगला होता, पण आतड्यांचा अंदाज चुकला आणि ती पार खिडकीपर्यंत गेली. तर भिंती बोलक्या करा असं सांगणाऱ्यांनीच मला तोंड दिलंय. आता ऐकून घ्यावं लागेल.

माझं गाव सेलू तालुक्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही. माझ्यावरून यंदा गावात भरपूर भांडणं झाली आणि आता कुठे लोक पुन्हा एकमेकांच्या घरी चहाला जायला लागलेत. देवगाव फाट्यावर उतरून 'माळवदाची शाळा कुठंय' एवढं विचारा, कोणीही वाट दाखवेल. कदाचित चुकीची दाखवेल, पण दाखवेल.

माझा जन्म निजामाच्या अमदानीतला. शेजारच्या गावाला शाळा मंजूर झाली हे ऐकून आमच्या गावच्या पाटलांना दोन दिवस जेवण गेलं नाही. शिक्षणाची तळमळ वगैरे काही नव्हती. शेजारच्या पाटलाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, ही तळमळ होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी गढीच्या शेजारची जागा दाखवली आणि म्हणाले, त्यांच्यापेक्षा एक खोली जास्त बांधा. म्हणून मी तीन खोल्यांची आहे. शेजारची दोन खोल्यांची होती, ती केव्हाच पडली.

मला बांधायला काळा दगड जवळच्याच खाणीतला आला. चुना बैलाच्या घाणीत, म्हणजे गोल फिरणाऱ्या दगडी चाकाखाली मळला. त्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ घालायची रीत होती. गूळ सगळाच माझ्यात आला असं मी म्हणणार नाही, कारण घाणीभोवती गवंड्यांची पोरं दिवसभर घुटमळत असायची आणि त्यांचे गाल फुगलेले असायचे. तरीही भिंती दोन हात जाड झाल्या. समोर पडवी, पडवीला सागवानी खांब, खिडक्यांना कमानी, बाहेरच्या अंगाला छपरावर जायला दगडी पायऱ्या. उन्हाळ्यात परभणीकडे ऊन कसं पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हातही माझ्या आत दुपारच्या तासाला मास्तरांना हमखास झोप लागते. माझ्या बांधकामाचं एवढं मोठं प्रमाणपत्र दुसरं नाही.

दारावरच्या दगडात १३४३ असा आकडा कोरलेला आहे. तो फसली सन. हैदराबाद संस्थानात सरकारी कागदावर तेच साल चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की तुमचं इंग्रजी साल निघतं, म्हणजे माझं वय नव्वदीच्या पुढे. पण एवढी बेरीज यायला शाळेत लक्ष द्यावं लागतं. मागच्या वर्षी एक तरुण मोबाईल घेऊन आला, आकड्यासमोर उभा राहिला आणि 'मित्रांनो, ही पाहा सातशे वर्षं जुनी शाळा' म्हणून व्हिडिओ टाकून गेला. हजारो लोकांनी तो पाहिला. सहाशे वर्षांची चूक एकालाही दिसली नाही. खाली अंगठे मात्र भरपूर होते.

सुरुवातीला माझ्यात उर्दूतून शिकवत. पोरं घरी मराठी बोलायची, आत आली की अलिफ-बे म्हणायची आणि मार मात्र दोन्ही भाषांत सारखाच खायची. पुढे संस्थान गेलं. फळा तोच राहिला, खडू तोच राहिला, फक्त अक्षरं उजवीकडून निघायची ती डावीकडून निघू लागली. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष पहिल्यापासून घंटेकडेच होतं.

आता माझ्या डोक्याविषयी सांगते, कारण सगळी कथा तिथेच आहे.

माझं छप्पर म्हणजे माळवद. सागाच्या जाड तुळया, त्यांच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पळसाची पानं आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती. ही माती गढीमागच्या ढिगातली. ती एकदा बसली की पाणी आत येऊ देत नाही. पण दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते, थोडी भेगाळते, म्हणून वरचेवर नवी टाकावी लागते. माझे पहिले मास्तर हैदराबादकडून आलेले. मोठा शिस्तीचा माणूस. त्यांनी नियम घातला, की ज्याचं पोर शाळेत दाखल होईल त्यानं एक टोपलं पांढरी माती माळवदावर टाकायची. आणि टाकण्याआधी तेवढीच जुनी माती खरवडून खाली टाकायची.

नियम सोपा होता. गावानं त्याचा पहिला भाग पाठ केला. दुसरा भाग कोणाच्या लक्षात राहिला नाही, कारण माती टाकताना नारळ फोडता येतो, खरवडताना फोडता येत नाही.

मग ती गावाची रीतच झाली. पाडव्याला पोराचं नाव घालायचं आणि त्याच दिवशी टोपलं वर न्यायचं. टोपल्याला हळदीकुंकू. पुढे हलगी, हलगीमागे फेटा बांधलेला बाप, बापाच्या मागे टोपलं. वर गेलं की नारळ फुटायचा, माती ओतली जायची, आणि आताच्या काळात त्या ढिगावर पोराला उभं करून फोटो काढला जायचा. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून फाट्यावर जाणाऱ्या पोरांचे बापसुद्धा टोपलं मात्र माझ्याच डोक्यावर आणून टाकू लागले. का, तर आपल्या घराण्याची रीत आहे. पोर त्यांचं तिकडे, माती माझ्याकडे. याला काय म्हणावं मला समजत नाही.

नव्वद वर्षं हे चाललं. माझ्या माळवदाचा उभा छेद घेतला असता तर गावाचा अख्खा इतिहास दिसला असता. सगळ्यात खाली पाटलांच्या भावकीची माती, त्यावर बारक्या शेतकऱ्यांची, आणि सगळ्यात वर मेंढरंवाल्या वस्तीची, कारण त्या वस्तीतली पोरं शाळेत सगळ्यात शेवटी आली. माणसं मला भेट द्यायची आणि म्हणायची, किती थंडगार आहे हो आत. अरे, डोक्यावर एवढी माती असल्यावर आत थंडच असणार. मढंसुद्धा थंडच असतं.

बाकी गावानं माझा उपयोग करून घ्यायला कधी कमी केलं नाही. लग्नात नवरदेवाकडच्या मंडळींना उतरवायचं कुठं, तर शाळेत. खताची पोती ठेवायची कुठं, तर शाळेत. ते साथीचं वर्ष आलं तेव्हा पुण्याहून परतलेल्यांना चौदा दिवस माझ्याच खोल्यांत कोंडून ठेवलं होतं. त्यांतले निम्मे माझेच जुने विद्यार्थी. शाळेत असताना एक अख्खा दिवस टिकले नव्हते, ते चौदा दिवस मुकाट बसले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मतदान तेवढं माझ्याकडे होत नाही, ते ग्रामपंचायतीत होतं. तेवढ्या एका भानगडीतून मी सुटले.

गेल्या हिवाळ्यात मधल्या खोलीचं दार अडकायला लागलं. मुख्याध्यापिका राजेश्री बाई परभणीच्या. सेलूला खोली घेऊन राहतात आणि रोज स्कूटीवर येतात. त्यांनी आधी दाराला तेल घातलं, मग सुताराला बोलावलं. सुतारानं दार पाहिलं, चौकट पाहिली, मग वर पाहिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बाई समजल्या. त्यांनी तालुक्याला कळवलं आणि एप्रिलात योगीराज नावाचे तरुण इंजिनिअर आले.

हा माणूस मला आवडला. बाकी साहेब मोटारीतून उतरून माझ्यासमोर फोटो काढतात आणि चहा पिऊन जातात. योगीराजांनी आधी बूट काढले. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध चार बोटं झोल निघाला. मग वर जाऊन मातीत सळई खुपसली आणि टेप लावून मोजलं, दोन फूट चार इंच. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, लाकूड एकदम चांगलं आहे," ते म्हणाले. "भिंतींना तर काहीच झालं नाही. वजन फार झालंय. वीतभर माती ठेवून बाकीची काढा, ही इमारत अजून पन्नास वर्षं हलणार नाही."

"आणि नाही काढली तर?"

"तर यंदाच्या पावसात ओली माती तुळयांना पेलणार नाही. मला धोकादायक म्हणून लिहावं लागेल. मग पोरांना वालूरला जावं लागेल आणि इथे जेसीबी येईल. मे महिन्याच्या शेवटी मी परत येतो. तेव्हा जे दिसेल ते लिहीन."

म्हणजे सगळं स्पष्ट होतं. फावडी घ्या, माती काढा, मी जगते. नका काढू, मी मरते, आणि तेवीस पोरं रोज पायपीट करतात. असा सरळ हिशोब फक्त पहिलीच्या गणितात असतो. गावात नसतो.

राजेश्री बाईंनी पडवीत बैठक बोलावली. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब, म्हणजे मला बांधणाऱ्या पाटलांचे नातू, खुर्चीत बसले. बाकी मंडळी सतरंजीवर. बाईंनी इंजिनिअरचं म्हणणं सांगितलं.

"काढा की मग," आबासाहेब म्हणाले. "कोन नको म्हनायलंय? शाळा आपली हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटले.

"फकस्त आमच्या आज्याच्या टोपल्याला फावडं लागू देऊ नका. पैलं टोपलं हाय ते. सगळ्यात खाली हाय. खालची माती राहू द्या, वरची काढा."

मेंढरंवाल्या वस्तीवरचा येडबा उठून उभा राहिला. "वरची म्हंजे आमची. आमची पोरं शाळेत मागून आली, तवा आमची माती वर हाय. म्हंजे आमची उकरायची अन् तुमची ठिवायची?"

"मी कुनाचं नाव घेतलो का? मी थर म्हनलो."

"आमचं बी थरच हाय की, आबासाहेब. आमच्या बापाचं टोपलं हाय त्यात."

तिथून पुढे दोन तास माझ्या पडवीत जे झालं ते सगळं सांगत नाही. एकानं सुचवलं, सगळीच माती काढू आणि प्रत्येक घराची मूठमूठ परत टाकू. हे सगळ्यांना पटलं. मग पहिली मूठ कोणाची, यावर बैठक मोडली. दुसऱ्या बैठकीत ठरलं, की दुसऱ्यांची टोपली काढायला कोणाचीच हरकत नाही. तिसऱ्या बैठकीला निम्मे लोक आलेच नाहीत, कारण दुसरीत त्यांचा अपमान झाला होता. दरम्यान एका दुपारी मधल्या खोलीतली तुळई कट्‌ अशी वाजली. सुट्टी होती म्हणून आत कोणी नव्हतं. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मरणाची नाही म्हणणार, पण कोणाच्या तरी पोरावर पडून मरायची फार वाटली.

राजेश्री बाई सुट्टीतही कागद उरकायला येऊन पडवीत बसल्या होत्या, त्यांनी तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः फावडं घेऊन पायऱ्या चढल्या. तीन घरची तीन माणसं धावत आली. तिघांचं आपसांत बोलणं बंद होतं, पण बाईंना अडवायला तिघं एक झाली. "मॅडम, तुमी बाहेरच्या. तुमचं एक बी टोपलं वर न्हाई. तुमी हात लावू नका." बाई खाली उतरल्या आणि फावडं पडवीत टेकवून ठेवलं. त्या डोळे पुसताना मला दिसल्या.

चौथी बैठक झाली तेव्हा इंजिनिअर यायला दहा दिवस उरले होते. पुन्हा तेच. आबासाहेब आज्याला घेऊन बसलेले, येडबा बापाला. आणि तेवढ्यात मल्हारला शोधत त्याची थोरली बहीण आली.

मल्हार म्हणजे मेंढरंवाल्या वस्तीतून माझ्याकडे शिकायला आलेला पहिला पोरगा, आता सत्तरीच्या पुढचा म्हातारा. बहिणीचं नाव कासाबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, काटक. सासर-माहेर एकाच वस्तीत, त्यामुळे भावावर आवाज चढवायची सवय कधी मोडली नाही.

"मल्हाऱ्या, शेरडं तहानलीत. हितं काय करायलास?"

"बैठक चालायली, आक्का."

"कशाची?"

"मातीची."

कासाबाई काठीवर हनुवटी टेकवून पडवीच्या पायरीपाशी उभी राहिली. तिनं बराच वेळ ऐकलं. आज्याचं टोपलं, बापाचं टोपलं, चुलत्याचं टोपलं.

"आबासाहेब," ती मधेच म्हणाली, "तुमच्या आज्यानं डोक्यावर टोपलं घेतलेलं कुनी बगितलंय का?"

सगळे हसले. आबासाहेबही हसले. "पाटील कुटं टोपलं घेतेत व्हय, कासाबाई? मानसं होती की वाहायला."

"मानसं न्हवती. बाया होत्या."

हसू थांबलं.

"येडबा, तुझ्या बापाचं म्हंतोस ते टोपलं तुझ्या मायीनं न्हेलं. पोटुशी होती. पायऱ्या चढताना मी मागून धरलं तिला. तुझा बाप फेटा बांधून पुढं नाचायला होता." मग ती भावाकडे वळली. "मल्हाऱ्या, तुझं टोपलं कुनी न्हेलं रं?"

मल्हारनं खाली पाहिलं. "तू, आक्का."

"मंग? ज्येनं वर न्हेलं त्येनं खाली आनावं. आमी वाहिलं, आमी उतरवू. तुमी बसा बैठकीला. तुमाला कोन ऊठ म्हनलंय?"

मी इथे एक कबूल केलं पाहिजे. रीत सांगताना मी तुम्हाला हलगी सांगितली, फेटा सांगितला, बाप सांगितला. टोपलं कोणाच्या डोक्यावर होतं हे सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी नव्वद वर्षं हे डोळ्यांनी पाहत आलेय आणि तरी सुचलं नाही. गावाला नावं ठेवण्याआधी एवढं सांगून टाकते.

कासाबाईनं पडवीतलं फावडं उचललं आणि बाहेरच्या पायऱ्या चढू लागली.

"अवो, उतरा खाली! पडचाल!" आबासाहेब ओरडले.

"पडले तर मातीवरच पडन," वरून आवाज आला. आणि पहिलं फावडं बसलं.

त्या दिवशी ती एकटीच होती. संध्याकाळपर्यंत जेमतेम चटईएवढी जागा मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या सहा जणी आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब पडवीत बसले होते आणि त्यांच्या समोरून त्यांच्याच घरची दगडाबाई, म्हणजे त्यांची बायको, टोपलं काखेत घेऊन निघाली.

"कुटं चाललात?" आबासाहेबांनी विचारलं.

"वर."

"काहून?"

"चार लेकरांची चार टोपली हायत माझी. तुमी नारळ फोडत होता तवा मान माझी मोडत होती." आणि पदर खोचून ती पायऱ्या चढली. गावात एवढी शांतता मी फक्त परीक्षेत पाहिली होती, तीही पर्यवेक्षक बाहेरचा असला तरच.

पुढे चाळीस-पंचेचाळीस बायका रोज येऊ लागल्या. पहाटे सुरू करायच्या, ऊन चढलं की थांबायच्या, उतरत्या उन्हात पुन्हा. वरून माती लोटायची, खाली गावातल्या बालाजीच्या ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. ट्रॅक्टर चालवायला तेवढी पुरुषमाणसाला परवानगी होती. बाकीच्या पुरुषांनी दोन दिवस दुरून पाहिलं. चौथ्या दिवशी येडबानं चूल मांडली आणि चहा ठेवला. साखर इतकी घातली की एकीनं विचारलं, चहा हाय का पाक? पण प्याल्या सगळ्या.

मातीत काय काय निघालं म्हणून सांगू. नारळाच्या करवंट्या, पाटीवरच्या पेन्सिली, एक गोटी, एक जोडवं. आणि बांगड्यांचे तुकडे. हिरवे, लाल, काळे, अगदी तळाच्या थरापर्यंत. आबासाहेबांच्या आज्याच्या थरातही निघाले. राजेश्री बाईंनी ते ओंजळीत घेऊन आबासाहेबांपुढे धरले. त्यांनी पाहिले, आणि पाच मिनिटांनी स्वतः उठून घागर भरून पाणी घेऊन वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या त्यांनी फेटा न बांधता चढल्या.

आठव्या दिवशी वीतभर माती उरली. ती चोपून सपाट केली. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. बाजाराहून आलेल्या बाईनं दारात पाटी खाली ठेवल्यावर तिला वाटतं तसं काहीसं. मधलं दार कोणी हात न लावता सुटलं. ठरल्या दिवशी योगीराज आले, दोरी ताणली. चार बोटांचा झोल दोन बोटांवर आला होता. त्यांनी माझ्या नावापुढे 'वापरास योग्य' असं लिहिलं, सही केली आणि येडबाचा तो चहा पिऊन गेले. जेसीबी आला नाही. पोरं जूनमध्ये माझ्याकडेच येणार होती. मी वाचले.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही मनात म्हणाले, चला, जिंकलो.

योगीराज गेल्यावर शेवटची झाडझूड करून बायकांनी हापशावर हातपाय धुतले. राजेश्री बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं, दुपारचा चहा वर्गात घेऊ म्हणाल्या. बायका हसत, एकमेकींना ढकलत आत आल्या आणि पोरांच्या बाकांवर बसल्या. कासाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आजी, या ना आत."

"शेरडं मोकळी हायत, बाई."

"येतील शेरडं. चहा तरी घ्या."

कासाबाईनं वहाणा काढल्या. काठी बाहेर टेकवली. आत पाऊल टाकलं आणि थांबली. तिनं चारी भिंती पाहिल्या, फळा पाहिला. मग वर मान करून तुळया पाहिल्या, खूप वेळ. मग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेली. सहा पावलांत खोली संपली.

"एवढीच हाय व्हय?" ती म्हणाली.

मी आजवर पुष्कळ टीका ऐकली आहे. ही माझ्या पायापर्यंत गेली.

"तुम्ही कधी आत आला नव्हता, आजी?" राजेश्री बाईंनी विचारलं.

"न्हाई. माझं काम वरचं असायचं. मल्हाऱ्याचं टोपलं न्हेलं, मंग धाकल्याचं. मंग लेकांचं, मंग नातवांचं. नाव घालायला आत बाप्ये जायचे. आमी टोपलं रिकामं करून घरी." तिनं बशीत चहा ओतला. "मल्हाऱ्याच्या टायमाला माय बोलली होती गुर्जीला. मी आट-नऊ वर्साची असन. माय म्हनली, पोरीनं टोपलं आनलंय, हिला बी बसवा याच्यासंगं. गुर्जी दारात आले. म्हनले, जागा न्हाई."

दगडाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

कासाबाईनं पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट इतक्या वर्षांची एक शंका फिटल्यासारखी ती मान हलवत होती. "मला वाटायचं, आत लय मोठं असन. मंग मला काहून जागा नसन? पन खरंच होतं गुर्जीचं. लहानच हाय की."

तिनं बशी पालथी घातली, वहाणा घातल्या, काठी घेतली आणि शेरडांच्या मागे निघून गेली.

ते वर्ष मला जसंच्या तसं आठवतं. पहिलीत अकरा पोरं होती. बसायला सात तरटपट्ट्या होत्या. त्यांतल्या चार अंथरलेल्या आणि तीन गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या. त्या कधीच उलगडल्या नाहीत, पुढे उंदरांनी कुरतडल्या. खिडकीखालचा सगळा भाग मोकळा होता. गुरुजी तिथे आपली सायकल लावायचे, बाहेर उन्हात टायर खराब होतं म्हणून. दारात ती पोर उभी होती, केसांत पांढरी माती, मान आखडलेली, आणि सायकल आत सावलीत होती. मी हे पाहिलं. तेव्हा मला तोंड नव्हतं ही सबब आहे, पण सबब सांगून मला आज बरं वाटत नाही.

ती आता तसंच समजून जगते आहे, की चूक कोणाची नव्हती, खोलीच लहान होती. मला तिच्याशी बोलता येत नाही आणि तिला हे वाचता येणार नाही, तेही माझ्यामुळेच. म्हणून तुमच्यापाशी पदर पसरते. कधी इकडे आलात तर मला बघू नका, माझे फोटो काढू नका. सरळ मेंढरंवाल्या वस्तीवर जा. नाल्याच्या काठानं शेरडं चारत असेल, लांबून ओळखू येईल. तिच्याजवळ बसा आणि माझं नाव घेऊन एवढंच सांगा, की कासाबाई, आत जागा होती.